वाफेवर सोडवलेला खडक

आमच्या यांना बोट लागते. म्हणजे किती, तर एकदा बागेतल्या तळ्यात, काठाला बांधलेल्या होडीत नुसतं बसल्यावर हे पांढरेफटक पडले होते आणि होडीवाल्याने पैसे परत दिले होते. आणि याच माणसाच्या घरात जगभरच्या समुद्रकिनाऱ्यांची एवढी जुनी पुस्तकं आहेत, की पाहुणे येणार म्हटलं की मला आधी त्यांना झोपवायचं कुठे याचा घोर लागतो.

किनारादर्शक म्हणतात त्यांना. पूर्वी जहाजावर हे पुस्तक लागायचंच. कुठल्या किनाऱ्यावर काय दिसतं, दिवा कुठे आहे, खडक कुठे आहे, कुठला बुरूज कुठल्या छपराच्या रेषेत धरून बंदरात शिरायचं, सगळं त्यात लिहिलेलं. मधूनमधून किनाऱ्याची लांबट चित्रं, समुद्रातून जमीन जशी दिसेल तशी. हे ती चाळत बसले की मी म्हणायची, "दुरून डोंगर साजरे म्हणतात ते तुमच्यासाठीच." त्यावर हे मान हलवायचे. ऐकलेलंच नसायचं.

आमचं चष्म्याचं दुकान होतं. हे डोळे तपासायचे, मी काचा घासून फ्रेमीत बसवायची. दुकान बंद केलं तेव्हा मला वाटलं, आता जरा हिंडूफिरू. हे हिंडले, पण भंगाराच्या दुकानांतून, लिलावांतून आणि वारलेल्या कप्तानांच्या बायकांच्या दारांतून. प्रत्येक पुस्तक घरी आलं की आधी पाठ व्हायचं. कुणी विचारलं, "अमक्या बेटाच्या दक्षिणेला काय आहे हो?" की हे डोळे मिटून धडाधड सांगणार. मी म्हणायची, एकदा पुस्तकात बघून सांगा की. "बघायला कशाला हवं? पाठ आहे," हे यांचं ठरलेलं उत्तर. स्वतःच्या लेकीची इयत्ता मात्र दरवर्षी मलाच विचारायचे.

आता चिठ्ठ्यांचं सांगते, कारण सगळं त्यावरच अडलं. ही पुस्तकं एकदा छापली की वर्षानुवर्षं पुन्हा छापत नसत. मधल्या काळात कुठला दिवा विझायचा, कुठे नवा खडक सापडायचा. मग छापखान्यातून बारीक अक्षरांतल्या चिठ्ठ्या यायच्या आणि जहाजावरचा कुणी धाकटा अधिकारी त्या कापून, गोंद लावून ज्या त्या ओळीवर चिकटवायचा. वापरातलं किनारादर्शक त्यामुळे कापूस जास्त भरलेल्या उशीसारखं फुगलेलं असतं. जहाजवाल्यांना असंच पुस्तक हवं असायचं. संग्रह करणाऱ्या या आमच्या शहाण्यांना मात्र उलटं, चिठ्ठी न लागलेली कोरी प्रत हवी. छापखान्यातून जशी निघाली तशी.

यांच्या मंडळात एक उंच, टकलू गृहस्थ आहेत. ते फक्त दीपगृहांची पुस्तकं जमवतात म्हणून त्यांना सगळे दीपगृहच म्हणतात. त्यांनी एकदा बैठकीत कोरी प्रत आणली. सगळ्यांनी ती बाळंतिणीचं मूल घ्यावं तशी हातात घेतली म्हणे. झालं. हे घरी आले ते मुळी किटलीची वाफ आणि माझ्या काचांच्या कामातली पातळ पाती शोधतच. तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर एकेक पुस्तक उघडून चिठ्ठ्या वाफवून सोडवायचं काम सुरू झालं. सोडवलेल्या चिठ्ठ्या टीपकागदांच्या थप्पीत. आम्ही दोघं जेवायचो ओट्यापाशी, उभ्याने.

"मी तुम्हाला पुस्तकांच्या पाठी चिकटवायला खळ करून दिली नाही ना, तर आता सोडवायला निघालात," मी म्हटलं. खळ म्हणजे पिठाची. ती यांनी वर्षानुवर्षं मागितली आणि मी दर वेळी सांगितलं, की स्वयंपाकघर आहे, बुकबाइंडरचं दुकान नाही.

मागच्या आठवड्यात लेकीचा फोन आला. नेहमी ती माझ्याशी बोलते आणि शेवटी "बाबा बरे आहेत ना?" एवढं विचारून ठेवते. त्या दिवशी म्हणाली, "आई, बाबांना दे."

लेकीने आणि जावयाने एक जुनी शिडाची बोट घेतली आहे. माझा जीव तेव्हापासूनच अर्धा. सुट्टीत ते किनाऱ्याकिनाऱ्याने जाणार होते आणि वाटेत एका जुन्या खाडीत मुक्काम करायचा होता. बंदर कधीचंच बंद पडलेलं. मोठ्या नकाशात ती खाडी नखाएवढी, आणि मोबाइलवर तर नुसता निळा रंग. "बाबा, तुमच्या पुस्तकांत तिच्याबद्दल काही आहे का?"

आहे का! यांचा चेहरा मी बघत होते. लेक झाली तेव्हासुद्धा असा झाला नव्हता. लहानपणी हे तिला झोपताना गोष्टीऐवजी खडक वाचून दाखवायचे. ती रडायची, कूस बदलायची, मोठी झाल्यावर तर चिडायची. "बाबांना माणसांपेक्षा खडक जास्त ओळखीचे," असं तिने सासरी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आणि आज तिने आपणहून विचारलं.

यांनी त्या पानाचा फोटो काढला. उजेड नीट यावा म्हणून टेबल खिडकीशी ओढलं, त्यात माझी फुलदाणी फुटली, तरी मी बोलले नाही. पानावर किनाऱ्याचं लांबट चित्र होतं. टेकडीवर पांढरा बुरूज, त्याच्या खाली जकात-कोठीचं त्रिकोणी छप्पर. 'बुरूज आणि कोठीच्या छपराचे टोक एका रेषेत धरून निःशंक आत यावे,' असं खाली छापलेलं. यांनी त्या फोटोची प्रत काढून त्यावर लाल पेन्सिलीने पट्टी धरून रेघ मारली, पुन्हा फोटो काढला आणि तिला पाठवला. त्या रात्री जेवताना म्हणाले, "आपली पुस्तकं कामाला आली." आपली! इतकी वर्षं ती फक्त माझ्या धूळ झटकण्यापुरतीच माझी होती.

काल सकाळी लेकीचा फोन आला. "निघतोय गं. दुपारी भरतीबरोबर खाडीत शिरू. आत डोंगराआड फोन लागत नाही, काळजी करू नकोस. उद्या सकाळी दहाच्या सुमारास बाहेर पडलो की करते."

काळजी करू नकोस म्हणे. मी हाताला चाळा म्हणून जेवणाचं टेबल रिकामं करायला घेतलं. हे बाहेरच्या खोलीत दीपगृहांशी फोनवर फुशारक्या मारत होते. टीपकागदांची थप्पी उचलली तर खालून चिठ्ठ्या घसरल्या. त्या मी गोळा करायला लागले. बारीक अक्षर दिसलं की वाचायचं, ही माझी दुकानातली सवय. एक चिठ्ठी थोडी तिरकी कापलेली होती, तिच्या कोपऱ्यावर गोंदाचा पिवळा डाग. मी ती उजेडात धरली.

'पृष्ठ ११२, शेवटची ओळ रद्द. बुरूज व जकात-कोठीच्या रेषेवर, खाडीच्या तोंडाशी बुडीत खडक आढळला आहे. ओहोटीस त्यावर जेमतेम गुडघाभर पाणी. बुरूज कोठीच्या डावीकडे स्पष्ट मोकळा दिसेल असे ठेवून यावे.'

मी दोनदा वाचली. खुर्चीवर बसले ती थेट यांच्या पुस्तकावर बसले.

"अहो, इकडे या."

"थांब गं, जरा महत्त्वाचं—"

"आत्ताच्या आत्ता या!"

हे आले. चिठ्ठी वाचली, आणि पहिलं वाक्य काय म्हणाले ते मी जन्मभर विसरणार नाही. म्हणाले, "ही दुसऱ्या पुस्तकातली असेल."

मी उठले आणि माझ्याखालचं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. एकशे बारावं पान. तेच, निःशंक आत यावे म्हणणारं. शेवटच्या ओळीवर, चिठ्ठीच्या आकाराचा, तसाच एका बाजूला तिरका, फिकट चौकोन होता. सबंध पान जुन्या चहाच्या रंगाचं आणि तेवढाच तुकडा गोरा. फोटोत तो उजेडाने दिसलाच नव्हता.

"मी ही सोडवताना वाचली नाही," हे म्हणाले. "गोंद बघत होतो. कागद फाटू नये एवढंच डोक्यात होतं."

"डोळे तपासायचात तुम्ही! लोकांना अक्षरं दाखवायचात!"

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. आमच्याकडे डोळसच दळत होता आणि पीठ कुठे चाललंय ते त्याला दिसत नव्हतं. मला इतका संताप आला होता, की तो होता म्हणून मी उभी तरी होते. तो गेला असता तर नुसती भीती उरली असती.

लेकीचा फोन लागेना. जावयाचाही लागेना. ज्या बंदरातून ते निघाले तिथल्या तटरक्षक कचेरीचा नंबर यांनी शोधून काढला. बटणं मी दाबली. पलीकडे एक शांत आवाजाचा माणूस.

"बोट अडचणीत आहे का?"

"नाही," हे म्हणाले. "म्हणजे अजून नाही. पण वाटेत खडक आहे."

"कुठल्या नकाशावर?"

"नकाशावर नाहीये."

"मग तुम्हाला कुठे दिसला?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फोन हिसकावून घेतला. "आमच्या जेवणाच्या टेबलावर," मी म्हटलं आणि मग चिठ्ठी शब्दन् शब्द वाचून दाखवली. तो माणूस हसला नाही, देव त्याचं भलं करो. त्याने लिहून घेतलं. म्हणाला, "मी त्यांना वायरलेसवर हाका मारत राहतो. पण त्या टेकड्यांच्या आड आवाज पोचेल याची खात्री देत नाही. त्या बाजूला आज आमची लाँचही नाही."

मग यांनी मंडळातल्या कप्तानांना फोन लावला. यांच्या सगळ्या मंडळात खरं जहाज चालवलेला हा एकच माणूस, आणि याच्याकडे पुस्तकं सगळ्यांत कमी. त्यांनी आधी भरतीचं वेळापत्रक काढलं.

"दुपारी भरती चढत असताना शिरले तर वरून निघून जातील, कळणारही नाही. बोटीचा तळ किती खोल आहे?"

आम्हाला कुठे ठाऊक? बोटीला पडदे कुठल्या रंगाचे लावलेत ते मला माहीत होतं.

"बरं. परत कधी निघणार आहेत?"

"सकाळी दहाला," मी म्हटलं.

कप्तानांनी वेळापत्रक पुन्हा पाहिलं. म्हणाले, "वहिनी, तेव्हा पुरी ओहोटी असेल. काहीही करून त्याच्या आत निरोप पोचवा."

मी फोन ठेवला तेव्हा हे खोलीत नव्हते. मोरीत ओकत होते. समुद्रापासून इतक्या लांब, फरशीवर दोन्ही पाय रोवून उभे असताना यांना बोट लागली होती. मी पाठीवरून हात फिरवला. मनातून अजून शिव्याच देत होते, पण हात फिरवत होते.

"मी जातो," तोंड पुसत म्हणाले. "टॅक्सी करून जातो. तिथल्या कोळ्यांकडून होडी घेतो."

"होडीत तुम्ही?"

"हो. ओकत जाईन."

त्यांनी खरोखरच पिशवी भरली. त्यात टॉवेल घातला, लिंबू घातलं आणि चिठ्ठी पाकिटात घालून खिशात ठेवली. मीही चप्पल शोधायला लागले. टॅक्सीवाला इतक्या लांबच्या भाड्याला तयार होईना. एक नाही म्हणाला, दुसऱ्याने विचारून सांगतो म्हटलं. आम्ही दाराशी खुर्च्या टाकून बसलो, फोन मध्ये. दुपार कलली. कधी वाटायचं, ते आत्ता शिरत असतील. कधी वाटायचं, शिरले असतील, आणि आता बोट कलंडलेली असेल, आणि लेकीला पोहता येतं खरं, पण तिला थंड पाण्याचा लहानपणापासून किती त्रास. मी लेकीचं पोहणं, जावयाचे मजबूत खांदे, बोटीवरची नारिंगी जाकिटं सगळं मनात मोजून पाहिलं, आणि तरी काही पुरेना.

"ही चिठ्ठी ज्याने लावली ना," हे अचानक म्हणाले, "तो कुणी पोरगाच असेल. तिरकी कापलीय. जहाज हलत असणार."

"पण लावली त्याने," मी म्हटलं.



उन्हं उतरायला आली आणि फोन वाजला. टॅक्सीवाला असेल म्हणून मी उचलला.

"आई! ऐकू येतंय? बुरुजावर चढलेय. इथे रेंजची एकच दांडी येतेय. बाबांना दे, नाही, स्पीकरवर टाक!"

माझा जीव भांड्यात पडला. मी रडायलाच लागले, पण ती ऐकायला थांबलीच नाही.

"बाबा, काय पुस्तक आहे हो तुमचं! तंतोतंत! बुरूज दिसला, मग ते छप्पर दिसलं, अर्धं पडलंय पण टोक आहे अजून. दोन्ही एका रेषेत आणलं आणि तुमच्या त्या लाल रेघेवरून सरळ आत! सुकाणू माझ्या हातात होतं. आणि बाबा, मी ते वाक्य मोठ्याने म्हणत होते. निःशंक आत यावे. तुमच्याच आवाजात. लहानपणी किती राग यायचा मला त्याचा. आज पहिल्यांदा वाटलं, माझे बाबा..." वाऱ्याने पुढचे शब्द उडवले.

हे फोनकडे बघत होते. चेहऱ्यावर असं काही आलं होतं, की ते पुसायला कुणाचा हात धजला नसता. आयुष्यभर हा माणूस या एका फोनची वाट बघत होता, आणि तो आला तो आज.

"उद्या तशीच उलट बाहेर काढणार आहे बोट," लेक म्हणाली. "त्याच रेघेवरून."

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी तोंड उघडलं.

"बुरूज अजून पांढरा आहे का गं?" हे म्हणाले.

मला वाटलं, आता या माणसाचा गळा धरावा. तिकडे एकच दांडी, आणि हा रंग विचारतोय. मी फोनकडे हात टाकला. यांनी माझा हात बाजूला केला, अगदी हळू, आणि खिशातून पाकीट काढलं.

"बाळा, लिहून घे. जवळ काही नसेल तर हातावर लिही." आणि त्यांनी चिठ्ठी वाचली. सावकाश, एकेक शब्द तोडून, जशी ती लहान असताना वाचायचे तशी.



"हे कुठल्या पुस्तकातलं आहे, बाबा?"

"त्याच."

"पण तुम्ही पाठवलेल्या पानावर हे नाहीये."

"होतं. मी काढलं."

"का?"

"पान चांगलं दिसावं म्हणून."

मागून जावयाचा आवाज आला, लांबून, तो बहुतेक पायऱ्यांवर असावा. "तरीच! शिरताना तळाला काहीतरी घासलं होतं. मी म्हटलं वाळू असेल."

हे जागचे हलले नाहीत. चिठ्ठी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. "डावीकडे," म्हणाले, "कोठीच्या डावीकडे बुरूज मोकळा दिसला पाहिजे, बाळा. डावीकडे. ऐकलंस?"

दांडी गेली होती. कुठल्या शब्दापर्यंत पोचलं आणि कुठला वाऱ्याने नेला, काही कळायला मार्ग नव्हता. फोन पुन्हा लावून लावून आमची बोटं दुखली.

दुसरा टॅक्सीवाला शेवटी नाहीच म्हणाला. मी तटरक्षक कचेरीत परत फोन केला. तो शांत माणूस म्हणाला, सकाळी उजाडताच त्यांची लाँच त्या तोंडाकडे निघेल, पण दहाच्या आत पोचेल असं वचन देत नाही. मग मी स्वयंपाकघरात गेले. पातेल्यात पीठ आणि पाणी घातलं आणि मंद आचेवर ढवळत बसले. गुठळ्या होऊ दिल्या नाहीत. हे दारात येऊन उभे राहिले.

खळ कोमट झाल्यावर आम्ही टेबलाशी समोरासमोर बसलो. एकशे बाराव्या पानाची चिठ्ठी पहिली लावली. फिकट चौकोनावर ती तिरकीच्या तिरकी बसली. मग बाकीच्या घेतल्या. प्रत्येक चिठ्ठी हे आधी मोठ्याने वाचायचे, मी पान शोधायची, मग खळ. कुठे दिवा विझला होता, कुठे वाळूचा दांडा सरकला होता, कुठे सापडलेला खडक नंतर नसल्याचंच कळलं होतं. डोळा लागला तो टेबलावरच.

सकाळी दहा वाजून गेले. मग सव्वादहा. मी चहा केला आणि तसाच ओतून दिला. हे खिडकीशी उभे होते, जणू तिथून समुद्र दिसणार होता.

फोन वाजला तेव्हा दोघांनीही हात घातला आणि तो खाली पडला.

"बाहेर आलोय," लेक म्हणाली. आवाज थकलेला. "डावीकडे मोकळा. आई, आम्ही जवळून बघितला तो. पाण्याला आलाय अगदी. काळाकुट्ट आहे आणि बोटीएवढा आहे." मला वाटलं, आता यांना बोलेल, आणि बोलावं असं मलाही वाटत होतं. "बाबा आहेत का?"

"आहे," हे म्हणाले.

"पुढच्या भूशिराला वळसा घालताना आतून जाता येतं का हो, की बाहेरूनच जायचं?"

ते भूशिर मलाही माहीत होतं. यांनी ते कितीदा तरी डोळे मिटून म्हणून दाखवलं होतं, पाहुण्यांना, दीपगृहांना, मला. मी वाट बघत राहिले.

यांनी डोळे मिटले नाहीत. टेबलावरचं ते फुगलेलं, अजून ओलं पुस्तक जवळ ओढलं आणि चष्मा लावला.

"थांब, बाळा," हे म्हणाले. "बघून सांगतो."